अंगठा कुठवर जातो?

पेठ तालुक्यात रेशन दुकानापुढे रांग लागलेली असते आणि दुकानदार मशीनकडे बघत म्हणतो, "अंगठा लागत नाही." त्यापुढे रांगेचे काही चालत नाही. आता या न लागण्याची कारणे चार-पाच तरी असतात आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो. आवणीच्या दिवसांत चिखलात राबून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, हे एक. मशीनमधल्या सिमकार्डाला टॉवर सापडत नाही, हे दुसरे. टॉवर सापडतो, पण टॉवरच्या मागची फायबर रस्त्याच्या कामात जेसीबीने उखडलेली असते, हे तिसरे. टॉवरची वीज जाऊन बॅटरीही उतरलेली असते, हे चौथे. आणि कधी इथले सगळे ठीक असते, पण दूरच्या शहरातला सर्व्हर गर्दीने वाकलेला असतो. रांगेतल्या म्हातारीला यातले काहीच दिसत नाही. तिला दिसतो आपला अंगठा. दोष त्याचाच असणार असे समजून ती पिशवी घडी करून घरी जाते.

एका यंत्रातली माहिती दुसऱ्या यंत्रात जाते म्हणजे नेमके काय होते, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. पेठ, सुरगाणा, हरसूल या पट्ट्यातली आश्रमशाळांतली आणि कॉलेजातली मुले, सेतू केंद्र चालवणारे तरुण, ग्रामपंचायतीतले संगणक परिचालक हे वाचक डोळ्यांपुढे ठेवून ते लिहिले आहे. पुढच्या प्रकरणांत तार, हवा आणि काच यांची वेगवेगळी माहिती येईल. त्या सगळ्यांच्या बुडाशी असलेली एक गोष्ट आधीच सांगून टाकावी, म्हणून प्रस्तावना थोडी लांबली आहे.

ती गोष्ट अशी, की रस्ता बेभरवशाचा आहे हे गृहीत धरूनच ही सगळी व्यवस्था बांधलेली आहे. जाहिराती वेगाच्या गप्पा मारतात. वेग नंतरचा. इकडून जे निघाले तेच तिकडे पोचले का, याची खात्री करून घेणे हे खरे काम. १९४८ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या क्लॉड शॅननने गणिताने दाखवून दिले, की कोणत्याही मार्गाची माहिती वाहण्याची एक कमाल मर्यादा असते. त्या मर्यादेच्या आत राहिले, तर मार्गात खरखर असूनही चुकांचे प्रमाण हवे तितके खाली आणता येते. त्यासाठी माहितीबरोबर थोडी जादा माहिती पाठवावी लागते, एवढेच. घाटातल्या, पावसातल्या, अर्धा वेळ वीज नसलेल्या तालुक्यासाठी याहून दिलासा देणारे गणित दुसरे नसेल.

सुरुवात अगदी लहान गोष्टीपासून करू. मोबाइलवर 'पेठ' एवढेच लिहून पाठवले तर काय जाते? अक्षरांचे चित्र जात नाही. युनिकोड नावाच्या जागतिक यादीत प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला क्रमांक दिलेला आहे. आपल्याला एका अक्षरासारखा दिसणारा 'पे' तिथे 'प' आणि एकार अशा दोन नोंदींचा असतो. म्हणजे 'पेठ' या शब्दात नोंदी तीन. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक नोंदीला तीन बाइट लागतात आणि बाइट म्हणजे आठ बिट. तीन त्रिक नऊ बाइट, बहात्तर बिट. त्यातला पहिला 'प' असा दिसतो: १११००००० १०१००१०० १०१०१०१०.

ही ओळ नुसती ओलांडून जाऊ नये. सुरुवातीला एकामागून एक तीन १ आणि मग ० आहे. त्याचा अर्थ, 'हे अक्षर तीन बाइटचे आहे, पुढचे दोन सोडू नका.' पुढचे दोन्ही बाइट १० ने सुरू होतात, म्हणजे 'मी मधला आहे, माझ्यापासून वाचायला सुरुवात करू नका.' समजा, वाटेत एखादा बाइट गळाला. वाचणारे यंत्र पुढच्या अक्षराची सुरुवात हुडकून तिथून परत सरळ वाचू लागते. एका अक्षराचा घात होतो, सबंध मजकुराचा होत नाही. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये ही पद्धत आखली. आपण दिवसाला शेकडो वेळा ती वापरतो आणि तिच्यातली ही हुशारी कुणाच्या ध्यानातही येत नाही.

दोन्ही टोकांचा करार नसला तर काय होते, हे मराठी माणसाने चांगलेच भोगले आहे. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे प्रत्येक छापखान्याचा, प्रत्येक कार्यालयाचा फॉन्ट निराळा असे. १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिप्या संगणकावर आणण्यासाठी मोठे काम केले. इस्की नावाची भारतीय संकेतपद्धत १९९१ मध्ये मानक म्हणून जाहीर झाली, युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवर बेतलेली आहे. तरी बाजारात ज्याचा त्याचा फॉन्ट चालूच राहिला. नाशिकहून फ्लॉपीवर आलेले पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले, की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. वाटेत एकही बिट हरवलेला नसे. सगळे बिट जसेच्या तसे पोचत, मजकूर पोचत नसे. वायर जोडली म्हणजे संपर्क झाला असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

याच हिशोबाचा आणखी एक परिणाम आपल्या खिशात आहे. साध्या एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षर सात बिटांत बसवले की १६० अक्षरे होतात. देवनागरीला तिथल्या निराळ्या पद्धतीत प्रत्येक नोंदीमागे दोन बाइट लागतात, म्हणून ७० नोंदींत संदेश संपतो आणि मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त हे सगळे त्या सत्तरात धरायचे. मराठीतली सूचना दोन-तीन एसएमएसमध्ये फुटते ती यामुळे. अनेक खात्यांना मराठी सूचना रोमन लिपीत पाठवण्याचा मोह होतो त्याचे एक कारण हे आहे. कारण आहे, समर्थन नव्हे.

आता 'पेठ'चे हे बहात्तर बिट हलवायचे. जवळच्या जवळ हलवायचे असतील तर चार्जरची वायर पुरते. यूएसबी २ च्या वायरीत चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. त्या दोन तारा मिळून एका वेळी एकच बिट नेतात. जुन्या प्रिंटरच्या जाड केबलमध्ये आठ तारांवरून आठ बिट एकदम जात, तरी ती केबल यूएसबीपेक्षा कितीतरी हळू. आठ तारांवरून निघालेले आठ बिट अगदी एकाच क्षणी पोचत नाहीत, आणि वेग वाढवला की हा पुढे-मागेपणा आवरेनासा होतो. म्हणून आठ तारांऐवजी एकच जोडी घेतली आणि तीच भन्नाट पळवली. जोडीतल्या दोन तारांवर उलटसुलट दाब असतो आणि घेणारे यंत्र त्यांच्यातला फरक तेवढा वाचते. बाहेरच्या विजेचा त्रास दोन्ही तारांना सारखाच होतो, फरकात तो नाहीसा होतो. शिवाय लागोपाठ सहा वेळा १ आला तर पाठवणारा मुद्दाम एक ० घुसवतो, कारण फार वेळ तारेवर काहीच बदलले नाही तर घेणाऱ्याची मोजणी चुकते. घेणारा तो ० काढून टाकतो. १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती आली. इंटेलमधल्या ज्या चमूने ती घडवली त्याचे प्रमुख अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. गायकवाडांच्या बडोद्याचा मराठी माणसाला अभिमान असतोच, त्यात ही एक भर.

ब्लूटूथवर फार थांबत नाही, त्याला स्वतंत्र प्रकरण आहे. कानातल्या हेडफोनशी फोन बोलत असताना दोघे मिळून सेकंदाला १६०० वेळांपर्यंत आपली वारंवारता बदलत असतात, एवढेच इथे सांगतो.

टॉवर हा मात्र या तालुक्याचा जिव्हाळ्याचा विषय. 'रेंज आहे' आणि 'रेंज नाही' असे दोनच प्रकार आपण मानतो. फोन आणि टॉवर यांच्यात याहून बारीक वाटाघाट चालू असते. फोर-जीमध्ये फोन टॉवरला सतत कळवत राहतो, की तुझे मला कितपत नीट ऐकू येते. चांगले ऐकू येत असेल तर टॉवर लहरीच्या एका ठोक्यात सहा किंवा आठ बिट भरतो. मध्ये डोंगराची सोंड आली, की तेच दोन बिटांवर येते. शिवाय चुका दुरुस्त करण्यासाठी द्यायची जादा माहिती वाढते, म्हणजे उपयोगाचा माल आणखी कमी होतो. पडवीत नेट चालते आणि आतल्या खोलीत रखडते ते यामुळे. संपर्क तुटलेला नसतो, त्याने सावधपणे हळू बोलायला घेतलेले असते.

दुसरा एक समज दुरुस्त करायला हवा. पाऊस आला की रेंज जाते, असे सगळेच म्हणतात. पेठचा पाऊस सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वरचा, तेव्हा म्हणायला जागाही आहे. पण फोन आणि टॉवर यांच्यातल्या लहरी साधारण अर्धी ते दीड वीत लांबीच्या असतात, थेंबांचे त्यांना फारसे काही वाटत नाही. पाऊस आडवा येतो तो टॉवरच्या पाठीमागे. डोंगराळ भागात पुष्कळ टॉवर पुढच्या टॉवरशी गोल तबकडीने जोडलेले असतात. त्या तबकडीतून जाणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी दोनेक सेंटिमीटरच्या, दाट सरीत त्या शोषल्या जातात, विखुरतात. मग असे होते, की फोनवर सगळ्या दांड्या उभ्या असतात आणि नेट मात्र ठप्प. दांड्या फक्त पहिल्या टप्प्याचा हाल सांगतात. पुढचे टप्पे किती आणि ते कशाचे, हे त्यांना ठाऊक नसते.

यावरचा पक्का उपाय म्हणजे काच. फायबरमधला प्रकाश ज्या गाभ्यातून जातो तो सुमारे नऊ मायक्रोमीटर जाडीचा, डोक्याच्या केसापेक्षा कितीतरी बारीक. प्रकाश अवरक्त असतो, डोळ्याला दिसत नाही. म्हणून तुटलेल्या फायबरच्या तोंडाशी डोळा नेऊन 'लाइट येतोय का' पाहण्याचा उद्योग करू नये, डोळ्याला इजा होते. चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये दाखवले, की काचेत प्रकाश मरतो तो काचेतल्या अशुद्धीमुळे. काच शुद्ध केली की तो दूरवर जाईल. २००९ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळाले. आजच्या चांगल्या फायबरमध्ये योग्य तरंगलांबीचा प्रकाश पंधरा किलोमीटर गेला तरी निम्मा शिल्लक असतो.

देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची योजना २०११ साली मंजूर झाली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट या नावाने आले. तालुक्याच्या ठिकाणचे यंत्र एकाच काचेतून सेकंदाला सुमारे अडीच अब्ज बिट सोडते. वाटेत वीज न लागणारे फाटे असतात, ते प्रकाशाचे भाग करून वेगवेगळ्या गावांकडे पाठवतात. खाली येणारा सगळा मजकूर त्या ओळीतल्या सगळ्या गावांना मिळतो आणि प्रत्येक गावातला फायबरचा डबा आपल्या नावाचा तेवढा उचलतो. बाकीचा मजकूर सांकेतिक रूपात असल्याने त्याला तो वाचता येत नाही. वर जाताना मात्र पाटाच्या पाण्यासारख्या पाळ्या लावलेल्या असतात. आपली पाळी आल्याशिवाय कुणी बोलायचे नाही.

नाशिक-पेठ रस्ता सावळघाटातून आणि कोटंबी घाटातून येतो, आणि अशा मुलखात फायबर टाकणारे बहुतेक वेळा रस्त्याची कडच पकडतात. रस्ता रुंद करायला घेतला की पहिला घाव तिच्यावर. केबल तुटल्यावर कर्मचारी एका टोकाकडून प्रकाशाचा ठोका सोडतात आणि परत येणाऱ्या प्रकाशाला किती वेळ लागला ते मोजतात. त्यावरून तुटलेली जागा काही मीटरच्या फरकाने कळते. मग छोट्याशा पेटीत दोन केसासारखी टोके समोरासमोर धरून विजेच्या ठिणगीने वितळवून जोडतात. जोड नीट बसला तर प्रकाशाचे नुकसान शेकडा एक-दोनच्या आसपास. हे काम मी जवळून पाहिले आहे. भर पावसात, ताडपत्रीखाली उकिडवे बसून ते करणाऱ्या पोरांची नावे कुठल्याच योजनेच्या फलकावर येत नाहीत.

तार असो, हवा असो की काच, माहिती सलग धारेने जात नाही. तिचे तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. एक पॅकेट बहुधा दीड हजार बाइटपर्यंतचे. तीन मेगाबाइटचा फोटो म्हणजे दोन हजारांवर पॅकेटे. प्रत्येकावर कुठून, कुठे आणि कितवे ते लिहिलेले. एखादे वाटेत गळाले तर त्याची पोच येत नाही आणि पाठवणारा ते पुन्हा पाठवतो. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडलेली ही रीत १ जानेवारी १९८३ पासून तेव्हाच्या अमेरिकी जाळ्यावर सक्तीची झाली. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्यांना इंटरनेट दिले ते याच रीतीवर चालणारे. व्हिडिओ कॉलमध्ये मात्र गळालेले सहसा परत मागवत नाहीत. बोलणे पुढे गेल्यावर मागचा शब्द आणून करायचे काय? म्हणून तिथे समोरच्याचा चेहरा फुटलेला दिसतो, पण कॉल चालू राहतो.

पोचलेले पॅकेट बरोबर आहे हे कसे ओळखायचे? त्यासाठी जादा आकडे. याचे सगळ्यात जवळचे उदाहरण प्रत्येकाच्या घरात आहे. २०१० च्या सप्टेंबरात नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावातून देशातले आधार वाटप सुरू झाले. आधारच्या बारा आकड्यांपैकी पहिले अकराच खरे क्रमांकाचे. बारावा त्या अकरांवरून हिशोब करून काढलेला तपासनीस. वेरहोफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडलेल्या या रीतीत एखादा आकडा चुकला तर चूक पकडली जाते, आणि शेजारचे दोन आकडे उलटेपालटे झाले तरी पकडली जाते. सेतू केंद्रात घाईघाईत ६७ च्या जागी ७६ टाइप झाले, की संगणक दिल्लीला न विचारता जागच्या जागी नकार देतो तो या बाराव्या आकड्याच्या जोरावर. पॅकेटच्या शेपटीलाही असेच तपासनीस आकडे असतात, फक्त ते अधिक कडक.

राहिला वेग. त्यात दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. पंधरा-एक वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डावर गाणी भरून घेणाऱ्यांची गर्दी असे. बत्तीस जीबीचे भरलेले कार्ड खिशात टाकून माणूस नाशिकहून एसटीने निघाला आणि दोन तासांत पेठला उतरला, तर त्याने सरासरी सेकंदाला पस्तीस मेगाबिट या वेगाने माहिती आणली. अनेक फोर-जी फोनना आजही एवढे जमत नाही. पण पहिले गाणे ऐकायला दोन तास थांबावे लागले. किती माल येतो ही एक गोष्ट आणि पहिला दाणा कधी येतो ही दुसरी. सिनेमा उतरवायचा तर पहिली महत्त्वाची, अंगठा लावायचा तर दुसरी.

तर तो अंगठा. मशीन बोटाच्या रेषांवरून काही बिंदू टिपते, ती माहिती कुलूपबंद करते आणि पाठवते. टॉवर, तबकडी किंवा काच, राज्याचा सर्व्हर आणि तिथून आधारचे विदाकेंद्र. ही केंद्रे दोन आहेत, बंगळुरूला आणि हरयाणातल्या मानेसरला. पेठहून सरळ रेषेत दोन्ही हजार किलोमीटरच्या आत. फायबर फेर घेऊन जाते म्हणून दीड हजार धरू. काचेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन पंधरा मिलिसेकंद. डोळ्याची पापणीही त्याहून कितीतरी सावकाश लवते. परत येते ते उत्तर मुळात 'हो' किंवा 'नाही' एवढेच, एका बिटाचे. तेव्हा दुकानात पाच मिनिटे मोडली तर ती अंतरामुळे नाही. पाठवायचा माल फार होता म्हणूनही नाही. कुठल्यातरी एका टप्प्यावर पॅकेटे गळत आहेत आणि पुन्हा पुन्हा पाठवली जात आहेत, किंवा सर्व्हरपुढे रांग आहे, किंवा वाट पूर्ण तुटली आहे. यातला प्रत्येक दोष दुरुस्त करणारा माणूस वेगळा आणि त्याचे कार्यालयही वेगळे. 'नेट नाही' एवढ्या मोघम तक्रारीवर यातला कुणीही सहज म्हणू शकतो, की दोष माझ्याकडचा नाही.

म्हणून पुस्तक वाचायला घेण्यापूर्वी वाचकाला दोन कामे सांगतो. आधारकडून येणाऱ्या नकारांना क्रमांक असतात. ३०० हा क्रमांक आला तर अंगठा तिथवर पोचला, पण जुळला नाही. तेव्हा दुसरे बोट लावून पाहा, किंवा बोटांची नोंद नव्याने करून घ्या. क्रमांक न येता मशीन नुसतेच फिरत राहिले तर बोटाचा काही दोष नाही, हे रांगेतल्या माणसाला मोठ्याने सांगा. दुसरे काम ग्रामपंचायतीत. फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल असेल तर डब्यापर्यंत प्रकाशच येत नाही, म्हणजे काच कुठेतरी तुटली आहे. तो विझलेला आणि शेजारचा पीओएनचा हिरवा दिवा स्थिर असेल, तर गावापर्यंतची काच शाबूत आहे, बिघाड पुढे शोधायला हवा. तक्रारीच्या वहीत तारीख, वेळ आणि कोणता दिवा कोणत्या रंगाचा होता ते लिहा, आणि त्या पानाची प्रत स्वतःजवळ ठेवा.